लाव, ऐक, ओढ

माझ्या लेकीला कुणीतरी सांगून ठेवलंय की आजारातून उठलेल्या माणसाशी हळू आणि गोड बोलावं. आली त्या सकाळपासून ती माझ्याशी अशी काही बोलत होती, की मला वाटायला लागलं, आता ही मला मांडीवर घेऊन भरवणार.

"आई, आपण उद्या सकाळी निघू या हं. तुझ्या औषधांची पिशवी मी वेगळी भरलीये."

"आपण कुठं निघतोय? तू निघ. मी दारापर्यंत येते."

"आई."

"काय आई? आईच आहे मी. तान्हं बाळ नाही."

ती हसली. तेही गोडच. मला असा संताप आला की बस.

गेल्या वर्षी मला झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला. हात मात्र अर्धामुर्धा आला. बोटं हलतात, वस्तू धरतात, पण त्यांना कळत काही नाही. जाड मोजा घालून चाचपल्यासारखं होतं. तेव्हापासून लेकीकडेच होते. तिचं घर मोठं, जावई देवमाणूस, मला उठून पाणीसुद्धा घ्यावं लागत नव्हतं. मग एक दिवस हट्टाने परत आले, माझ्या दोन खोल्यांत. सगळं बरं चाललं होतं. पण मागच्या आठवड्यात मी जिन्यात घसरले आणि खालच्या दुकानदाराने लगेच लेकीला फोन केला. चुगलखोर मेला! म्हणून ही मला न्यायला आली होती.

"तुला साधं बटण लावता येत नाही," ती म्हणाली.

"नाही येत. म्हणून डोक्यावरून घालायचे कपडे शिवून घेतले. बटणावाचून कुणी मेलेलं ऐकलंयस का?"

"आणि जिना?"

"जिन्याला बटणं नसतात."

एवढ्यात तो चुगलखोर स्वतःच दारात उभा राहिला. मी त्याला पंखेवाला म्हणते. तो कॉम्प्युटर बनवून विकतो आणि प्रत्येकात इतके पंखे बसवतो, की एखाद दिवशी ते यंत्र टेबलावरून उडून जाईल. माणूस वाईट नाही. मला झटका आला तेव्हा दार तोडून मला उचलून नेणारा तोच. म्हणून त्याला फक्त तोंडावर शिव्या देते, मागे देत नाही.

"काकू, ते बारीक कंगवे कुठे ठेवलेत तुम्ही?" लेकीकडे न बघता त्याने विचारलं.

"कंगवे कशाला? तुझ्या डोक्यावर विंचरायला उरलंय काय?"

"एक मशीन आज संध्याकाळी द्यायचंय. पांढऱ्या केबल घालायच्यात. मीच बघतो म्हटलं."

"तू?"

"मग कोण?" तो म्हणाला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आपण नको ते बोललो.

हे काम माझं. सांगते. हल्ली कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूला काच असते, आतलं दिसावं म्हणून. आता आतलं दिसतं म्हटल्यावर आतला गबाळेपणाही दिसतो. वीज पुरवणारा जो ठोकळा असतो, त्याच्यातून काळ्या, जाडजूड तारा निघतात आणि आडव्यातिडव्या कुठेही पडतात. म्हणून त्यांना पुढे आणखी एकेक छान विणलेली तार जोडायची. एक्स्टेंशन केबल. काळी तार मागच्या कप्प्यात दडपायची आणि ही नवी, पांढरीशुभ्र, तेवढी पुढे दाखवायची. पाहुणे आले की आपण पसारा आतल्या खोलीत ढकलतो ना, तेच. प्रत्येक केबलीत भरपूर तारा, त्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये मध्ये कंगवे बसवायचे. दिसायला पाच मिनिटांचं काम. करून बघा, मग बोला.

मी सगळं आयुष्य गाड्यांच्या तारा बांधायच्या कारखान्यात काढलं. तिथे तारांच्या जुडग्याला आम्ही बायका वेणी म्हणायचो. निवृत्त झाल्यावर पंखेवाल्याचा पहिला काचेचा डबा मी जाता जाता पाहिला, आत तारांचा नुसता गुंता होता. माझ्याच्याने राहवलं नाही, दुकानात शिरले आणि त्याला बाजूला सारून सगळं सोडलं आणि परत बांधलं. तेव्हापासून त्याच्या सगळ्या वेण्या मीच घालत होते. झटका येईपर्यंत.

"मी करते," मी म्हटलं.

"आई!"

"काकू, राहू द्या, पुढच्या वेळी..."

"तुम्ही दोघं जरा गप्प बसा." मी उठून उभी राहिले. "हे बघ, हे काम मी केलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर उद्या तू म्हणशील तिथे येते. निमूटपणे येते. औषधांच्या पिशवीसकट."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बोलून गेले खरी. लेकीने माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "नक्की? मग तक्रार नाही करायची." आवाज तसाच गोड. तिला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

जिना उतरताना ती माझ्या पुढे, तोंड माझ्याकडे करून, दोन्ही हात पसरून उलटी उतरत होती. "मी काय गॅसची टाकी आहे का?" मी म्हटलं. "तूच पडशील. सरळ चाल."

पंखेवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबोळी खोली. पुढे काउंटर, मागे काम करायचं टेबल, त्यावर रबराची चटई आणि वाकणारा दिवा. टेबलावर डबा उघडा पडला होता, काच काढून भिंतीशी उभी केलेली. पंखेवाल्याने एक केबल घालायचा प्रयत्न केलेला दिसत होता. काय ते जळ्ळं लक्षण! आठ तारा, त्यात एकीला दुसरीचा पत्ता नाही.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"घाईत केलं, काकू."

"नाचता येईना अंगण वाकडं. खुर्ची दे."

लेक समोरच्या स्टुलावर बसली. तिने फोन काढला, पण बघत होती माझ्याकडेच.

सगळ्यात आधी प्रोसेसरची केबल. सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात ती लागते, वरून पंखे बसल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणून ती पहिली. मी सगळं नाजूक काम डाव्याकडे दिलं आणि उजव्याला सांगितलं, तू फक्त धर. उजवा धरत होता. कधी सैल धरायचा, कधी उगाच आवळायचा, पण धरत होता. डाव्याने कंगव्यात एकेक तार सरकवायची. डावा बिचारा आयुष्यभर दुय्यम काम केलेला, त्याची चाल धीमी. एक तार आत गेली की दुसरी बाहेर. पंखेवाला दोनदा पुढे झाला, दोनदा मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"पाणी देऊ?" लेकीने विचारलं.

"दे. आणि असं बघू नकोस. शाळेतली बाई परीक्षेला बघते तशी बघतेयस."

ती खरंच हसली. सकाळपासून पहिल्यांदा खरं हसली. मलाही बरं वाटलं, पण मी दाखवलं नाही.

मग मोठी केबल आली, बोर्डाच्या कडेला लागते ती. तिला चांगला जोर लागतो. घाबरत दाबलं तर बसत नाही आणि आडदांडपणे दाबलं तर बोर्ड वाकतो. मी डाव्या तळव्याच्या टाचेने दाबलं. कट्. ती बसली तशी मला इतका आनंद झाला, की मी पंखेवाल्याला "चहा मागव" म्हणून सांगितलं. मग पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या कार्डाची केबल. तीही बसली. पुढून बघितलं तर पांढऱ्या तारा अशा सरळ उतरल्या होत्या, की जणू शाळेत निघालेल्या मुलीचे विंचरलेले केस.

डबा फिरवला. आता मागचा कप्पा. इथे ठोकळ्याच्या काळ्या तारा आणि आपल्या पांढऱ्या तारा एकमेकींना जोडायच्या. हे सांधे जाड असतात, कप्पा अरुंद, नीट नाही रचले तर झाकण लागत नाही. सांधे खाली ओढून घेतले आणि पट्ट्यांनी बांधायला लागले.

आमच्या कारखान्यात एक शिस्त होती. नवी बाई आली की तिला आधी तीन शब्द शिकवायचे. लाव, ऐक, ओढ. सांधा लावायचा, कट् आवाज ऐकायचा, आणि मग तो ओढून बघायचा. ओढल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. माझ्या हाताला ती सवय इतकी मुरलीये की घराच्या दाराची कडी लावली तरी मी ती ओढून बघते. जित्याची खोड. तर इथेही मी प्रत्येक सांधा लावला आणि ओढला. डावा हात जुडगं धरून होता, म्हणून ओढला उजव्याने. एकही सुटला नाही. पट्ट्या आवळल्या, झाकण लावलं.

"लाव रे वीज," मी म्हटलं.

पंखेवाल्याने पडदा जोडला, भिंतीतला प्लग लावला, बटण दाबलं. सगळे पंखे एकदम फिरले. दिवे लागले, निळे, जांभळे, नाही नाही ते रंग. आणि माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या! स्वतः पैज हरत असताना तिने टाळ्या वाजवल्या. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

पण पडदा काळाच होता.

आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. पंखे आपले फिरतायत. पंखेवाल्याने बंद करून परत चालू केलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

लेकीचे हात खाली आले. ती जिंकली होती, आणि तिचा चेहरा असा पडला की मलाच बघवेना.

"प्रोसेसरला वीज पोचत नाहीये," पंखेवाला म्हणाला. त्याला हे कळतं, मला नाही कळत; मला फक्त तारा कळतात. "मागचा सांधा असेल. मी बघतो, एका मिनिटात..."

"हात मागे घे."

"काकू..."

"आई, पुरे ना आता," लेक म्हणाली. "घाम आलाय तुला. बघू दे त्यांना. एवढं केलंस, छान केलंस."

छान केलंस! शेंबड्या पोराने वेडंवाकडं चित्र काढलं की म्हणतात तसं.

"अजून झालं नाहीये," मी म्हटलं. "अजून झालं नाही आणि जमलं नाही, यात फरक आहे. प्लग काढ रे भिंतीतला."

त्याने प्लग काढला. मी झाकण उघडलं. प्रोसेसरचा सांधा दिसायला व्यवस्थित होता. पट्टी कापली. उजव्या हाताने ओढून पाहिला. पक्का. परत ओढला. पक्काच. मग काय वाटलं कोण जाणे, डाव्याने ओढला.

अलगद हातात आला.

सांधा बसलाच नव्हता, नुसता टेकला होता. आणि उजव्याने मला सांगितलं होतं, बसलाय. ओढतोय असं मला वाटत होतं, पण त्या ओढण्यात जीवच नव्हता. लोण्यात खोचलेली काडीसुद्धा त्याच्याने निघाली नसती. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर मी डोळे झाकून भरवसा ठेवला, ती गोष्ट आता खोटं बोलत होती. मला रडू आलं. दुःखाचं नाही, रागाचं. डाव्या हातात तो सांधा नसता तर उजव्याला मी एक सणसणीत चापट मारली असती.

लेकीने ते बघितलं. ती स्टुलावरून उठून माझ्या खांद्याशी आली.

"बघितलंस ना, आई?" ती हळूच म्हणाली.

"बघितलं." मी बाहीने डोळे पुसले. "यापुढे ओढायचं काम उजव्याकडे नाही, हे बघितलं. डावा कशाला दिलाय मग?"

उजव्या हाताचं कोपरापासून पुढचं सगळं मी त्या काळ्या तारेवर टेकवलं, दगड ठेवतात तसं. एवढं त्याला जमतं. वजन कुठे गेलंय त्याचं? मग डाव्याने पांढरी तार समोरून आत सारली. नाही बसली. पुन्हा सारली. दात-ओठ खाऊन सारली. कट्. आवाज बारीक होता पण डाव्या बोटांना स्पष्ट कळला. डाव्यानेच ओढला. हलेना. मग मी बांधलेल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक सांधा पहिल्यापासून डाव्याने ओढून पाहिला. पंखेवाला म्हणाला, बाकीचे ठीक असतील. मी म्हटलं, असतील म्हणजे काय? बाकीचे ठीक होते. पण ते आता मला माहीत होतं.

पुन्हा बांधलं, झाकण लावलं, प्लग लागला, बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"आली!" पंखेवाला ओरडला. "काकू, आली!"

मी खुर्चीत मागे टेकले. आनंद पोटात मावत नव्हता. "झालं," मी लेकीला म्हटलं. "मी इथेच राहणार. पैज म्हणजे पैज."

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही." तिचा गोड आवाज गेला होता. हा माझ्या मुलीचा आवाज, माझ्यासारखाच फाटका. "हा डबा चालू झाला म्हणून तुला पुन्हा झटका येणार नाही, असं आहे का? त्या दिवशी मी फोन लावत होते, आई. वाजत होता आणि तू उचलत नव्हतीस. मला वाटलं आंघोळीला गेलीस. मला वाटलं खाली आलीस. मी लावत राहिले, लावतच राहिले. आणि तू तिथेच जमिनीवर होतीस. तुला काही कल्पना आहे?"

"आहे," मी म्हटलं. "मी ऐकत होते तो वाजताना."

पंखेवाल्याने फडकं उचललं आणि पुढे जाऊन काउंटर पुसायला लागला. स्वच्छच होतं ते.

"मग?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "मग तरी इथेच राहायचंय?"

खरं सांगू? मला बोलायचं होतं ते पैजेबद्दल. पैज मी जिंकले होते, तावातावाने भांडायची तयारी होती. पण तिच्याकडे बघताना मला उमगलं की पैजच मूर्खपणाची होती. पडदा उजळला नसता तर मी काय औषधांची पिशवी घेऊन हिच्या मागे निघाले असते? माझ्याच घरात राहायला मी परीक्षा का द्यावी, आणि कुणाला?

"तुझं खरं आहे," मी म्हटलं. "या डब्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. हा चालू झाला नसता तरी मी आले नसते."

"म्हणजे मघाशी तू खोटं बोललीस."

"हो. बोलले. रागात बोलले." मी डाव्या हाताने तिला समोरच्या स्टुलावर बसवलं. "ऐक. झटका पुन्हा येईल. उद्या येईल नाही तर खूप वर्षांनी येईल. तुझ्याकडे असताना आला तर तू जवळ असशील, हेही कबूल. पण तो येईपर्यंत तुझ्याकडे मी काय करू? तुझ्या घरात मला सगळं हातात मिळतं, गं. सकाळी उठायचं, बसायचं, आणि त्याची वाट बघायची. तेवढंच काम. मी ते केलंय कित्येक महिने. तू मला इतकं जपलंस, की मला वाटायला लागलं, मी आधीच गेलेय आणि तुम्ही माझा फोटो पुसताय."

"असं बोलू नकोस."

"बोलणार. मला घसरायचं असेल तर माझ्या जिन्यात घसरू दे. मला इथे काम आहे. वाईट होतं, पुन्हा करावं लागतं, पण आहे."

"आणि मी?" ती ओरडलीच. "मी तिकडे फोन धरून बसू? रोज? तो उचलला जातोय की नाही ते बघत?"

"बस," मी म्हटलं. माझाही आवाज आता फाटला होता. "तू पहिल्यांदा घर सोडून एकटी राहायला गेलीस, तेव्हा मी नाही बसले? तुला साधा भात लावता येत नव्हता. ताप आला की कळवायची नाहीस. मी दर रात्री फोनपाशी बसायचे. पण मी तुला परत न्यायला आले का कधी?"

ती पदराआड लपायची ना लहानपणी, तशी माझ्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देऊन रडली. मीही रडले. पंखेवाला बिचारा काउंटर पुसून पुसून दमला.

शेवटी तिने नाक पुसलं. "मी रविवारी येणार," ती म्हणाली. "दर रविवारी येणार. न सांगता येणार."

"ये. बघायला ये," मी म्हटलं, "न्यायला येऊ नकोस."